लाल की पांढरी, आणि डॉक्टरच्या हातातली हिरवी

मु. पो. धाड, जि. बुलढाणा
बाजाराचा दुसरा दिवस, दुपार

मराठी शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या आणि आता पुण्यात सातव्या मजल्यावर बसणाऱ्या माझ्या सुहासिनीले, शेवटच्या बाकावरच्या बिस्मिल्लाचा सलाम, नमस्कार, आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडून काढलेली अलाबला.

तुझा गुडघा कसा आहे? लिफ्ट बंद पडली तर खाली उतरू नको, वरच राहा. खाली काही कोणी फुकट वाटून राह्यलं नसन. तुझा लेक शौनक जेवताना मोबाईल बाजूले ठेवतो का? अन लेकीच्या, आपल्या इराबाईच्या मार्गशीर्षातल्या लग्नाची तयारी कुठवर आली? तुम्हा सगळ्यायचं खुशाल राहो म्हणून मी पाचही वेळा दुआ करते (चार वेळा म्हणू, दुपारच्याले कधी कधी डोळा लागते). इकडे अल्लाच्या मेहरबानीनं सगळं ठीक आहे. छातीचा कॅन्सर सोडला तर माझी तब्येत एकदम ठणठणीत आहे.

फोन काऊन नाही केला म्हणून तू नाक फुगवशील. ऑपरेशनच्या वेळी केला होता ना? मी इकडून हॅलो म्हणलं की तिकडून तुझे हुंदके. पेशंट मी, अन धीर मीच तुले देऊन राह्यली होती. शेवटी रेंज गेली तेव्हा दोघी सुटलो. शिवाय फोनवर तुले मधात बोलता येते. पत्रात येत नाही. जन्मभर तू मले चूप बसवलं (आधी मॉनिटर म्हणून, मग मास्तरीण झाली म्हणून, मग सवय लागली म्हणून), आता निवृत्तीनंतर थोडं माझंही ऐक. अन शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नको, मी आजारी बाई आहे.

तर गोठ अशी आहे. गाठ काढली, जखम भरली, मले वाटलं सुटलो. पण संभाजीनगरच्या दवाखान्यातले आमचे डॉक्टर नागसेन इंगळे (वय लहान, चष्मा मोठा, लग्न बाकी) म्हणाले की आता किमो घ्यायची, म्हणजे उरलंसुरलं कुठी लपून बसलं असन तर तेही धुऊन निघते. मी म्हणलं, द्या. तर म्हणे तुमच्यासाठी दोन प्रकार आहेत. तुमच्या गाठीचा रिपोर्ट पाह्यला तर फायदा दोघायचा जवळपास सारखाच, फरक आहे तो त्रासाचा. कोणता त्रास तुम्हाले सोसवणार नाही ते घरी बसून विचार करा, मग ठरवू. औषधांची नावं त्यायनं सांगितली, पण ती इतकी लांब की एक टोक संभाजीनगरात अन दुसरं धाडच्या स्टँडवर. म्हणून मीच त्यायचं बारसं केलं. एक औषध दिसायले गुलाबाच्या सरबतासारखं लालभडक, तिचं नाव लाल. दुसरं पाण्यासारखं, तिचं नाव पांढरी. लालचं असं की उलट्या जास्त, तोंडात छाले म्हणजे फोड, अन क्वचित कोणाच्या हृदयाले धक्का लागते, म्हणून आधी हृदय तपासून घेतात. पांढरीचं असं की अंग ठणकते, पाय सुजतात, नखं काळी पडतात, अन हातापायाच्या बोटायले मुंग्या येऊन ती बधिर होतात. बहुतेकायचा बधिरपणा जाते, काहींचा मुक्कामाले राहते. केस दोन्हीत जातात. तिथं निवडायले काही नाही.

आता तूच सांग सुहासिनी, जन्मभर मी काय केलं? धाडच्या बाजारात बांगड्यायची पेटी मांडून बसली अन बायायचा रंग ठरायची वाट पाह्यली. एक बाई येते, हिरवी काढायले लावते, मग मेंदी रंगाची, मग त्याच्यातलीच थोडी उजळ. मग शेजारणीले विचारते, मग सासूले, मग रस्त्यानं जाणाऱ्या बाईले (जिचा या हाताशी काही संबंध नाही). अन सगळी पेटी उपसून झाल्यावर सर्वात आधी पाह्यलेलीच घेते. मी तोंडानं म्हणते, घ्या ना आरामात; मनात म्हणते, माय वं, नवरा पाहताना इतका विचार केला असता तर! आता घे, मीच गिऱ्हाईक झाली. रोज सकाळी लाल ठरायची, दुपारी पांढरी, संध्याकाळी पुन्हा लाल. एकदा तर मी डॉक्टरले फोन करून विचारलं की तिसरी एखादी नाही का, याच्यातलीच थोडी उजळ. डॉक्टर बिचारे चांगले. म्हणाले, घ्या ना आरामात. त्या घडीपासून मले खात्री आहे की मनातून तेही माझ्यासारखंच बोलत असतील.

डॉक्टरच्या कागदाचा फोटो मी मोबाईलवर पाठवला होता, त्यावरून तू शौनककडून बनवून पाठवलेला तक्ता मिळाला. पोट्ट्यानं मेहनत लय केली. एका बाजूले लाल, एका बाजूले पांढरी, अन मधात सगळे त्रास. जास्त त्रास तो तांबड्या रंगात, मधला पिवळ्या, कमी तो हिरव्या. मोबाईलवर मले तो काही दिसेना, म्हणून स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्या अजहरकडून छापून घेतला. त्याची रंगीत शाई पोळ्यापासून संपलेली आहे. त्यानं काळ्यात छापला, अन सगळे रंग सारखेच काळे झाले. पाहणाऱ्याले वाटावं की उलटी, ताप, पाय सुजणं आणि सगळ्यात वर लिहिलेलं 'प्रिय बिस्मिल्लामावशी', सगळंच सारखं धोक्याचं आहे. तरी मी तो कपाटाच्या दाराले चिकटवला. पाहुणे येतात, वाचल्यासारखं करतात अन चहा न घेता जातात.

आता तुझ्या जब्बारभाईंचं ऐक. लग्नाले तीस वर्षं होऊन गेली, पण या माणसानं माझ्या केसाबद्दल कधी एक शब्द काढला नाही. एकदा डाळीत सापडला होता तेव्हा काढला, तेवढाच. अन आता जीपच्या फेऱ्या सोडून घरी येतात, माझ्या वेणीकडे पाहतात अन डोळे पुसतात. म्हणे, केस जातील तुझे. मी म्हणलं, अहो, ओढणीच्या आतलं कोणाले दिसते? तुम्हाले अन आरशाले. आरसा तर काही रडून नाही राह्यला. पण ऐकतील तर ते जब्बारभाई कसले! एक दिवस गुपचूप बुलढाण्याले गेले अन शाळेच्या गॅदरिंगले ड्रेस भाड्यानं देतात त्या दुकानातून माझ्यासाठी टोप घेऊन आले. गुडघ्यापर्यंत नागमोडी केस, मधात भांग, अन भांगात आधीच शेंदूर भरलेला! मी म्हणलं, मी बिस्मिल्ला मन्यारीण, डोक्यावर हे घेऊन मले कोणत्या नाटकात पाठवून राह्यले तुम्ही? तर म्हणे, दुकानदार म्हणाला सगळ्यात भारी माल हाच आहे. तो टोप गोठ्याच्या खुंटीले टांगला, तर शेळीनं घाबरून दूध चोरलं. पण एक सांगते, कोणाले सांगू नको. तो टोप हातात धरून ते दारात उभे होते ना, तेव्हा मले त्यायचा इतका लाड आला की काय सांगू बाप्पा.

तर घरातून काही उजेड पडेना. मग मी माझ्या पद्धतीनं चौकशी करायची ठरवली. माझी पद्धत तुले माहीत आहे. बांगडी अंगठ्याच्या हाडावर आली की बाई आपली. पुढं जाता येत नाही, मागं येता येत नाही, हात माझ्या हातात. त्या घडीले विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावंच लागते (इकडच्या अर्ध्या सोयरिकी मी अशाच काढल्या अन अर्ध्या मोडल्या). ऑपरेशनचा टाका वाळल्यावर मी बाजारात बसायले लागलीच होती. वजन उचलायची मनाई आहे म्हणून पेटी तुझे जब्बारभाई आणून ठेवतात. तर नशीब पाह्य, एकाच बाजारात दोघी सापडल्या. आपल्या गल्लीतली सिंधूताई, तिनं दोन वर्षांमागं पांढरी घेतली होती. अन जानेफळहून लेकीकडे आलेल्या सरस्वतीबाई, त्यायनं लाल. मी सिंधूताईचा हात धरला, सरस्वतीबाईले बाजूले बसवलं अन विचारलं, बायांनो, खरं सांगा, कोणती हलकी?

झालं! दोघी अशा पेटल्या की जिल्हा परिषदेची निवडणूक बरी. मी विचारून राह्यली हलकी कोणती, अन त्या भांडून राह्यल्या की जड कोणाची. सिंधूताई म्हणे, माह्या पायाले अशी सूज, अशी सूज, की नवऱ्याची चप्पल घालून फिरली. सरस्वतीबाई म्हणे, हे काहीच नाही, शेजारच्या घरात फोडणी पडली की मी इकडं मोरीत. सिंधूताईची नखं काळी, तर सरस्वतीबाईच्या तोंडात इतके छाले की त्यायले भांडता येत नव्हतं (त्यायची सून ते दिवस अजून आठवते म्हणतात). सिंधूताईचे केस गेले ते भुवयांसकट, तर सरस्वतीबाईचे आले ते कुरळे. लग्नात बाया दागिने मिरवतात तसा दोघी आपापला त्रास मिरवून राह्यल्या होत्या, अन एकीचा दुसरीले मोठा म्हणवत नव्हता. बाजूले गर्दी जमली. भाजीवाल्यायच्या दोन पार्ट्या पडल्या. अन मी पाहून राह्यली, दोघी कशा टुणटुणीत! गालावर लाली, आवाजाले धार, मधात एकच भज्याचा पुडा, अन भांडता भांडता दोघी त्याच्यातून खाऊन राह्यल्या. मले इतकी खुशी झाली म्हणून सांगू! मी म्हणलं, बिस्मिल्ला, लाल असो का पांढरी, त्यानंतर माणूस असं भांडत असन तर भ्यायचं काऊन?

तेवढ्यात सिंधूताईच्या हातातली बांगडी वाढली. (आमच्या धंद्यात बांगडी फुटत नाही, वाढते, हे तुले सांगायले नको.) काचेचं टोक तिच्या बोटाले लागलं, रक्ताचा थेंब आला, अन सिंधूताई बोलतच होती. तिले पत्ताच नाही. मी म्हणलं, ताई, बोट पाहा. तिनं पाह्यलं अन हसली. म्हणे, हाव वं, शेंड्याले समजत नाही अजून, पांढरीची निशाणी आहे. सदऱ्याची बटणंही पाहून पाहून लावते. मी बोट पुसून पट्टी बांधली. ती दुसऱ्या हातानं भजं खात भांडणाच्या राह्यलेल्या मुद्द्यावर परत गेली. तिले त्याचं काहीच नव्हतं. तिचा संसार, तिची दुकानदारी, सगळं झकास चाललं आहे.

पण मी भ्यायली, सुहासिनी. ऑपरेशनच्या टेबलावर नव्हती भ्यायली तितकी भ्यायली. बांगडी डोळ्यानं भरत नाहीत वं, बोटानं भरतात. आतलं हाड कुठी अडलं, ते किती दाबलं की मऊ पडते अन किती दाबलं की काच बोलते, हे बोटाच्या शेंड्याले समजते, डोक्याले समजत नाही. अम्मी डोळे मिटून भरायची. तुझ्या लग्नाचा चुडा अम्मीनं भरला तेव्हा मी पेटी धरून बाजूले बसली होती. तुझा हात म्हणजे धाडमधला सगळ्यात हट्टी हात, नाजूक मनगट अन बैलाचं हाड. उभ्या जन्मात अम्मीच्या हातून वाढल्या नाहीत तितक्या बांगड्या त्या दिवशी वाढल्या, शेवटी तिनं माझं बोट धरून त्या हाडावर ठेवलं अन म्हणाली, इथून. अन इराचा चुडा मी भरणार हे ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं आहे. (पुण्यात म्हणे ऑनलाईन चुडा येतो, डब्यात. येऊ दे. शोकेसमध्ये ठेवा.) आता माझी बोटं झोपली, अन लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या हाताले काच लागली तर? केस गेले तर जाऊ दे. भूक गेली तर बरंच, वजन उतरन. नखं काळी झाली तर मेंदी समजीन. पण बोटं मले पाहिजेत. त्या दिवशी बाजारातून घरी जाताना माझं ठरलं.

आता डॉक्टरकडचा तमाशा ऐक. आम्ही दोघं गेलो. मी म्हणलं, साहेब, लाल. डॉक्टरनं माझी फाईल पुन्हा उघडली. म्हणे, मी तर तुम्हाले पांढरीच सुचवणार होतो. उलट्या कमी, हृदयाची काळजी नाही, घरी असणाऱ्या बाईले सोपी जाते. मी म्हणलं, घरी असणारी कोण? तर समजलं काय, की पहिल्या भेटीत डॉक्टरनं विचारलं होतं, ताई काय काम करतात, अन मी नर्सजवळ वजन करून राह्यली होती तेवढ्यात तुझ्या जब्बारभाईंनी सांगून टाकलं, काही नाही साहेब, घरीच असते. घरीच असते! जिच्या पेटीच्या जिवावर ह्यायच्या जीपले टायर लागले, जिले मोताळ्यापासून लोक चुडा भरायले बोलावतात, ती घरीच असते! मी ह्यायच्याकडे अशी पाह्यली की ते भिंतीवरचं हृदयाचं चित्र वाचायले लागले. आपल्याकडच्या माणसायची ही जुनीच रीत आहे. बायको काय करते विचारलं तर घरीच असते, अन घरी काय करते विचारलं तर काही नाही. यायच्या असल्या उत्तरांवर डॉक्टर औषध ठरवतात, तर चूक डॉक्टरची काऊन म्हणावी?

मी बोलून समजावणारी बाई नाही, भरून समजावणारी. पिशवीत दोन-चार नग नेहमी असतातच. मी म्हणलं, साहेब, हात द्या. त्यायले वाटलं मी नाडी दाखवून राह्यली; बिचाऱ्यानं हात पुढं केला. मी अंगठा आत मिटवला, हाडं एकावर एक सरकवली, एकदा दाबलं, एकदा सोडलं, अन त्यायले समजायच्या आत हिरवीगार काचेची बांगडी डॉक्टरच्या मनगटावर! मी विचारलं, दुखलं का? म्हणाले, अजिबात नाही. मी म्हणलं, आता माझ्या बोटाले काही समजत नसताना दुसऱ्या हातात भरून पाहू का? डॉक्टरनं दुसरा हात पटकन खिशात घातला अन म्हणाले, नको, समजलं, तुमची बोटं राखायची.

इथपर्यंत सगळं छान झालं. पण ती बांगडी निघेना. माणसाचा हात, हाड रुंद, चढताना भिडस्तासारखी चढली अन उतरताना अडून बसली. मलिहा नावाची नर्स आहे तिथं, ती साबण घेऊन आली. मग कसलं तरी मलम. मग ती म्हणाली, कात्रीच्या मुठीनं ठोकू का? मी म्हणलं, खबरदार, लग्न व्हायचं आहे पोराचं, हातातली बांगडी वाढवशील तर! तोवर बाहेर रांग लागलेली. डॉक्टर म्हणाले, राहू द्या, पेशंट थांबले आहेत. अन त्या भल्या माणसानं हिरवी बांगडी घालून सगळी ओपीडी काढली. पहिल्या पहिल्यांदा हात टेबलाखाली लपवायचे, मग विसरले. सिंदखेडराजाकडची एक म्हातारी आत जाऊन आली अन बाहेर सगळ्यायले सांगायले लागली, डॉक्टरसाहेबाचं जमलं वाटते, मुलीकडच्यायनं बांगडी भरली. दोघी-तिघींनी आत जाऊन मुबारकबादही दिली. किमोच्या रांगेत बसलेल्या बाया त्या दिवशी इतक्या हसल्या की शेवटी शिपाई पाहायले आला, इथं नेमकं काय वाटून राह्यले म्हणून. संध्याकाळी मीच खोबरेल तेल मागवून ती अलगद काढली. डॉक्टर हात चोळत म्हणाले, ताई, तुमचं काम सोपं नाही. मी ह्यायच्याकडे पाहून म्हणलं, नाही हो, मी घरीच असते.

पण डॉक्टरनं दोन गोष्टी बजावल्या, त्या तुलेही सांगते, नाहीतर तू पुण्यात सगळ्यायले लालच घ्या म्हणून सांगत सुटशील. एक, सिंधूताईच्या औषधाले नावं ठेवायची नाहीत. तिच्या गाठीले तेच लागत होतं, अन त्यानंच ती भजे खाऊन राह्यली. प्रत्येकीचं माप वेगळं. (हे मले लगेच पटलं.) दोन, हृदयाचा रिपोर्ट चांगला आला तरच लाल. इथं तुझे जब्बारभाई उभे राह्यले. केसावर रडले होते ते ठीक, पण हृदयाचं नाव निघाल्यावर त्यायचा चेहराच उतरला. डॉक्टरले म्हणे, साहेब, हिच्या दिलाले काही झालं तर मी काय करू? एवढ्या वर्षांत तोंडातून पहिलं प्रेमाचं वाक्य निघालं, तेही डॉक्टरले! मी बाजूले उभी होती, पण मले नाही सांगितलं. तपासणी झाली. मशीनवाली म्हणाली, हृदय एकदम मजबूत आहे. तर हे लगेच छाती काढून म्हणतात, असणारच, माझ्यासोबत टिकलं ना.

तर येत्या मंगळवारी पहिली लाल. चार डोस आहेत, पावसाळ्याआधी संपतात. मार्गशीर्षापर्यंत मी कुरळ्या केसाची होऊन मांडवात हजर. तू काळजी करू नको, अन मुख्य म्हणजे तू येऊ नको. तुझा गुडघा, इकडचं ऊन, एसटीचे धक्के. मले कशाचीच गरज नाही. शौनकले दुआ, इराले मुका, तुले सगळं उरलेलं.

तुझी,
घरीच असणारी
बिस्मिल्ला

ता. क. हे पत्र तुझ्या जब्बारभाईंजवळ पोस्टात टाकायले दिलं होतं. आज त्यायचा सदरा धुवायले घेतला तर खिशातून निघालं. मधल्या दिवसात पहिली लाल होऊन गेली. लघवी लाल झाली. डॉक्टरनं आधी सांगितलं होतं तरी मी किंचाळली, अन हे दाराबाहेर उभं राहून ज्या ज्या दुआ पाठ आहेत त्या सगळ्या वाचायले लागले. दोन दिवस उलट्या झाल्या. वरणभात मातीसारखा लागते, पण लोणचं लागते लोणच्यासारखं, त्याच्यावर दिवस काढले. आता उठून बसली. सरस्वतीबाईले फोन करून सांगितलं की त्रास झाला, तर म्हणाल्या, माझ्याइतका नसन झाला.

ता. क. आणखी एक. वर मी लिहिलं की येऊ नको. ते खोडलं असतं, पण खाडाखोडीचे तू मार्क कापते. डॉक्टरनं माझ्या डाव्या हातात बांगड्या भरायले मनाई केली आहे. ऑपरेशन त्या बाजूचं आहे, हात सुजू शकते म्हणून. मन्यारणीचा हात बोडका! पहिल्या बाजारी मी तो ओढणीखाली लपवून बसली. कोणी काही बोललं नाही, तरी लपवला. तेव्हा मले समजलं की रमाकांतभाऊजी गेल्यापासून तू दोन-दोन हात कसे लपवून फिरत असशील. अन परवा इराचा फोन आला. मले म्हणे, मावशी, चुड्याच्या दिवशी आई आतल्या खोलीत बसणार म्हणते. पोरगी रडली नाही (तुझ्यावर नाही गेली), पण आवाज ओला होता.

ता. क. शेवटचं, अन पत्र खरं याच्यासाठीच आहे. चुड्याच्या दिवशी पाटावर पहिली तू बसायचं, इरा नंतर. बाया काय म्हणतील त्याची चिंता नको. त्यायचे हात शेवटी माझ्याच हातात येणार आहेत, अन बांगडी अंगठ्याच्या हाडावर आली की काय बोलायचं ते मी बोलीन. हिरवी नको वाटत असन तर जबरदस्ती नाही. लाल की पांढरी ते आता तू ठरव, आरामात घरी बसून विचार कर. त्याच्यातलीच थोडी उजळ मागितली तरी काढून देईन. माप मात्र पाठवू नको. ते मी कुठी लिहून ठेवलेलं नाही. अम्मीनं त्या दिवशी माझं बोट धरून तुझ्या हाडावर ठेवलं होतं, तेव्हापासून ते बोटातच आहे. मी काय एकट्या इरासाठी राखली ही बोटं?